खिडकीचे पडदे घरी शिवताना: दांडी बसवण्यापासून खालच्या तुरपाईपर्यंत

पडदा शिवणं हे शिवणकामातलं सगळ्यांत सोपं काम समजलं जातं. टिपांपुरतं बोलायचं तर ते खरंही आहे. गळा नाही, बाही नाही, कुठे गोलाई नाही. लांबच लांब सरळ टिपा तेवढ्या मारायच्या. तरीही घरी शिवलेले बरेच पडदे एका बाजूला ओढल्यासारखे लटकतात, पूर्ण लावले तरी मधे फट राहते किंवा पहिल्याच धुण्यात आखडून वर चढतात. याचं कारण शिलाईत क्वचितच सापडतं. चूक झालेली असते ती मापात, कापडाच्या कापणीत, किंवा खालची दुमड घाईने घालण्यात. पडदा हे टांगायचं कापड आहे आणि त्याचं स्वतःचं वजन त्याला दिवसरात्र खाली ओढत असतं. म्हणून माझं ठाम म्हणणं असं की दांडी सगळ्यांत आधी बसवावी आणि खालची दुमड सगळ्यांत शेवटी घालावी. या दोन कामांच्या मधलं सगळं सावकाश केलं, तर मशीनवर नुकताच हात बसू लागलेल्या माणसालाही वर्षानुवर्षं टिकणारे पडदे शिवता येतात.

आधी दांडी, मग माप

खिडकीचं माप घेऊन कापड आणायला निघू नका. माप खिडकीचं घ्यायचंच नसतं, ते दांडीचं घ्यायचं असतं, आणि दांडी भिंतीवर लागल्याशिवाय ते खरं कळत नाही.

दांडी खिडकीच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंमी पुढे जाऊ द्या. पडदे उघडल्यावर सगळं कापड कडेला गोळा होतं, त्याला बसायला भिंतीवर जागा हवी. नाहीतर ते काचेवरच राहतं आणि दिवसभर निम्मा उजेड अडवतं. चौकटीच्या वर १० ते १५ सेंमी जागा सोडून दांडी लावली की वरून उजेडाची तिरीप येत नाही आणि खिडकीही उंच दिसते. दोन्ही ब्रॅकेट पाणसळ लावून एका रेषेत घ्या. मात्र छतच तिरकं असेल आणि दांडी छताला अगदी लागून असेल, तर छताशी समांतर जाणं डोळ्यांना बरं दिसतं. दांडी दीड मीटरपेक्षा लांब असेल तर मधे तिसरा आधार द्या. जाड अस्तराचे पडदे बरेच वजनदार होतात, त्यामुळे स्क्रू नुसत्या गिलाव्यात धरून चालत नाही. भोक आतल्या पक्क्या भिंतीपर्यंत जायला हवं आणि त्यात प्लग हवा.

दांडी लागली की दोन मापं घ्या. पहिलं दांडीच्या रुंदीचं, टोकांचे गोळे वगळून. दुसरं दांडीच्या वरच्या कडेपासून पडदा जिथे संपायला हवा तिथपर्यंतचं. हे उंचीचं माप डावीकडे, मधे आणि उजवीकडे असं तीनदा घ्या. जमीन किंवा खिडकीचा कट्टा दिसतो तितका सपाट नसतो, एखाद सेंटीमीटरचा फरक नेहमी निघतो. टेप कापडी असेल तर तो वापरून ताणला जातो, म्हणून इथे लोखंडी टेप वापरा.

पडदा कुठे संपवायचा हे इथेच ठरवून टाका. जमिनीपर्यंत न्यायचा असेल तर जमिनीपासून १ सेंमी वर थांबवा. कट्ट्यापर्यंतचा असेल तर कट्ट्याच्या १ सेंमी वर, आणि कट्टा पुढे आलेला नसेल तर त्याच्या खाली १० ते १५ सेंमी. त्याहून खाली, पण जमिनीच्या बराच वर, मधेच कुठेतरी संपणारा पडदा कापड कमी पडल्यासारखा दिसतो. तो मला कधीच पटलेला नाही. खिडकीखाली कपाट किंवा पलंग असेल तरच तो पर्याय ठेवा.

कापडाचा हिशेब

दांडी जितकी रुंद तितकंच कापड घेतलं तर पडदा चादर टांगल्यासारखा सपाट दिसतो. त्याला घड्या पडायला हव्यात, आणि त्यासाठी दांडीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं. झिरझिरीत कापडाला अडीच ते तीन पट घ्या, कारण ते विरळ असल्यामुळे घड्या कमी पडल्या की लगेच केविलवाणं दिसतं. जाड, भरगच्च कापडाला पावणेदोन पटसुद्धा पुरतं. पैसे वाचवायचेच असतील तर स्वस्त कापड भरपूर घ्या. महाग कापड तोकडं घेऊ नका. घेर कमी असलेला भारी पडदा साध्या सुती कापडाच्या भरघोस पडद्यापुढे नेहमीच फिका पडतो.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा दांडी १६० सेंमी आहे. दुप्पट म्हणजे ३२० सेंमी रुंदी हवी. पडद्याच्या कापडाचा पन्हा (रुंदी) बहुधा १३७ सेंमी, म्हणजे ५४ इंच असतो; १२२ सेंमीचाही मिळतो. पूर्ण पन्ह्याचा, पडद्याच्या उंचीइतका कापलेला तुकडा म्हणजे एक पाट. ३२० ला १३७ ने भागलं की २.३ येतं. दोन पाट घेतले तर दुमडी धरून घेर सुमारे १.७ पट मिळतो, तीन घेतले तर शिवणी आणि दुमडी वजा जाऊनही सुमारे २.३ पट. कापड जाड असेल तर दोनावर भागतं. मध्यम किंवा पातळ असेल तर तीनच घ्या आणि प्रत्येक बाजूच्या पडद्याला दीड पाट लावा.

उंचीचं गणित असं. दांडीच्या वरच्या कडेपासून जमीन २१७ सेंमी. खाली १ सेंमी सोडायचा, म्हणून २१६. वरच्या कडेला भोकं पाडून बसवलेल्या रिंगांच्या पडद्यात दांडीच्या वर साधारण ४ सेंमी कापड उभं राहतं, म्हणून तयार उंची २२०. वर बकरम (वरची बाजू ताठ ठेवणारी कडक कापडी पट्टी) झाकायला आणि कड आत वळवायला १२ सेंमी, खाली १० सेंमीच्या दुहेरी दुमडीसाठी २० सेंमी. एका पाटाची कापायची लांबी झाली २५२ सेंमी आणि तीन पाटांची ७५६.

यात आटण्याचा हिशेब अजून धरलेला नाही. सुती आणि लिननचं कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, काही त्याहूनही जास्त. ५ टक्के धरले तर ७५६ ला ०.९५ ने भागायचं, म्हणजे ७९६. दोन्ही टोकं सरळ करण्यात १५ ते २० सेंमी जातील. एकूण सव्वाआठ मीटर घ्या. पॉलिएस्टर फारसं आटत नाही, तिथे पावणेआठ मीटरमध्ये काम होईल.

कापडावर मोठी नक्षी असेल तर आणखी एक पायरी वाढते. एक फूल जिथे सुरू होतं तिथपासून तेच फूल उभ्या दिशेने पुन्हा जिथे येतं ते अंतर, म्हणजे नक्षीचा एक फेर, मोजा. समजा ते ६४ सेंमी आहे. पाटाची लांबी या अंतराच्या पटीत वर न्यायची. २५२ मध्ये चार फेर जवळजवळ बसतात, म्हणून प्रत्येक पाट २५६ सेंमीचा. असं केलं की सगळ्या पाटांवर नक्षी एकाच उंचीवर येते आणि जोड दिसत नाही. आटण्यासाठीचं कापड धरून शिवाय एक फेर जादा घ्या, म्हणजे नक्षी कुठून सुरू करायची याची मोकळीक राहते. पहिल्यांदाच शिवत असाल तर साधं किंवा बारीक, विखुरलेल्या नक्षीचं कापड निवडा.

कापड हातात घेऊन बघताना

पडद्याचं कापड गुंडाळीवर बघून ठरवू नका. दीडदोन मीटर उलगडून घ्या, वरची कड मुठीत चुण्या करून धरा आणि बाकीचं खाली सोडा. घड्या सरळ खाली उतरतात की कापड बाहेर फुगून ताठ उभं राहतं, ते लगेच कळतं. मग ते उजेडासमोर धरा. दिव्याखाली दाट वाटलेलं कापड उन्हासमोर जाळीसारखं दिसू शकतं, आणि पडद्याचं अर्धं आयुष्य उजेड पाठीशी घेऊनच जातं. एक कोपरा मुठीत दाबून अर्धा मिनिट धरा. सोडल्यावर सुरकुत्या तशाच राहिल्या तर उघडझाप करताना हाताचे वळ पडद्यावर कायम दिसतील. ओल्या पांढऱ्या फडक्याने उलट्या बाजूला घासून रंग जातो का तेही बघा.

सुती कापड शिवायला सगळ्यांत सोशिक. ते घसरत नाही, इस्त्री मानतं. लिनन सुंदर पडतं, पण हवेतल्या ओलाव्यानुसार थोडं लांब-आखूड होत राहतं, त्यामुळे जमिनीला टेकणाऱ्या पडद्यात जरा जागा जास्त सोडा. रेशीम कडक उन्हात लवकर विरतं; ते वापरायचं तर अस्तर हवंच. मखमलीला लव असते, तिच्यावरून वरून खाली आणि खालून वर हात फिरवला की रंग वेगळा दिसतो. म्हणून सगळे पाट एकाच दिशेने लावायचे आणि कापतानाच प्रत्येकाच्या वरच्या टोकाला खडूने खूण करायची. झिरझिरीत कापड काही वेळा २८० ते ३०० सेंमी पन्ह्याचं मिळतं. ते आडवं फिरवून वापरलं की पन्हाच पडद्याची उंची होतो आणि मधे एकही जोड येत नाही.

चुलीच्या किंवा हीटरच्या जवळच्या खिडकीला मात्र लांब, फडफडणारा पडदा लावूच नका. तिथे आखूड, बांधून ठेवता येणारा सुती पडदा पुरे.

धुणं, सरळ करणं, कापणं

कापड न कापता, सगळंच्या सगळं, पुढे जसं धुणार आहात तसंच एकदा धुऊन घ्या. यंत्रात धुणार असाल तर यंत्रात, हाताने तर हाताने. अस्तराचं कापडही वेगळं धुवा, कारण दोन कापडं वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि शिवल्यानंतर आटली की एक दुसऱ्याला ओढून धरतं. रेशीम, मखमल आणि थर दिलेलं अंधाराचं (उजेड पूर्ण अडवणारं) कापड धुऊ नका; ती ड्रायक्लीनच करायची असतात किंवा नुसती पुसायची. धुतलेलं कापड किंचित दमट असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. तिरकी इस्त्री फिरवली तर कापड ताणलं जातं आणि पुढचं सगळं माप खोटं होतं.

यानंतर येतं कापडाचं टोक सरळ करणं. पडद्याचं नशीब ठरतं ते इथे. कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात असतात. पडद्याचे उभे धागे बरोबर खाली लोंबले तर पडदा सरळ राहतो. ते तिरके पडले तर पडदा आठवड्याभरात एका बाजूला वळतो, आणि मग कितीही इस्त्री केली तरी सुधारत नाही. कापून आणलेलं टोक सरळ असेल असं गृहीत धरू नका. किनारीजवळ छोटा काप द्या, एक आडवा धागा चिमटीत धरून हळूहळू ओढा. कापडावर एक बारीक रेघ उमटेल. त्या रेघेवरून कापा. धागा तुटला तर तिथपर्यंत कापून पुढचा धरा. साधं सुती कापड असेल तर काप देऊन सरळ फाडलं तरी धाग्यावरच फाटतं. छापील कापडात कधीकधी छापाच धाग्याला तिरका बसलेला असतो. एका पन्ह्यात फरक सेंटीमीटरभराचा असेल तर छापाच्या रेषेनुसार कापा, कारण डोळ्याला तीच दिसते. त्याहून जास्त तिरका असेल तर ते कापड पडद्याला घेऊ नका.

कापण्यासाठी टेबल अपुरं पडतं. स्वच्छ पुसलेली जमीन सगळ्यांत बरी. कापड पूर्ण पसरा, हाताने फिरवून सपाट करा, ओढून ताणू नका. लांब पट्टी आणि गुण्या (काटकोनी पट्टी) घेऊन पहिला पाट आखा, दोन्ही किनारींच्या बाजूने २५२ सेंमी वेगवेगळं मोजा, मग दोन खुणा जोडा. कापण्याआधी तिन्ही पाटांच्या खुणा करून एकूण लांबी पुन्हा मोजून घ्या. दुसरा आणि तिसरा पाट पहिला पाट वर ठेवून कापू नका, प्रत्येक वेळी टेपनेच मोजा. एकावर एक ठेवून कापताना दर वेळी थोडी चूक वाढत जाते.

तिसरा पाट उभा मधोमध कापून दोन अर्धे करा. किनारीचा काठ बाकीच्या कापडापेक्षा घट्ट विणलेला असतो आणि धुतल्यावर जास्त आखडतो, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी चुण्या येतात. तो सेंटीमीटरभर कापून टाका. नक्षी जुळवण्यासाठी काठ ठेवावाच लागत असेल तर दर ८ ते १० सेंमीवर त्याला तिरके छोटे काप द्या.

मशीनची तयारी

नव्या पडद्याला नवी सुई लावा. मध्यम सुती कापडाला ९०/१४, झिरझिरीत कापडाला ७०/१०, जाड कापडाला किंवा बकरमसहित थरांना १००/१६. दोरा पॉलिएस्टरचा घ्या; उन्हात आणि धुण्यात तो सुती दोऱ्यापेक्षा जास्त टिकतो. टाक्याची लांबी ३ मिमीच्या आसपास ठेवा, बॉबिन तीनचार भरून घ्या. उरलेल्या कापडाच्या दुहेरी तुकड्यावर एक लांब टीप मारून बघा. टीप आखडून कापड गोळा होत असेल तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी करा. लांब टिपांमध्ये ताण जरासा जास्त असला तरी दोन मीटरमध्ये पडदा सेंटीमीटरभर आखूड होतो. मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे खुर्ची किंवा स्टूल ठेवा, म्हणजे कापडाचं ओझं सुईला ओढणार नाही.

मशीन नसेल तर हातानेही पडदा होतो. जोडाला उलटटाका घाला, बाकी सगळीकडे तुरपाई. वेळ लागतो, पण काम जराही कमी दर्जाचं होत नाही.

जोड आणि बाजूच्या दुमडी

अर्धा पाट नेहमी भिंतीकडच्या बाजूला लावा. पडदा उघडा असो वा लावलेला, जोड तिथे घडीत लपतो. किनारीची बाजू पूर्ण पाटाला जोडायची आणि मधून कापलेली कड बाहेर ठेवायची. उजव्या पडद्याला डावा अर्धा आणि डाव्या पडद्याला उजवा अर्धा घेतला की नक्षी आपोआप पुढे चालू राहते. सुलट बाजू आत ठेवून टाचण्या लावा, दीड सेंमी आत टीप मारा. दोन्ही जोड एकाच दिशेने, वरून खाली, शिवा. मशीनचे दात खालचा थर जरा जास्त पुढे ढकलतात, तेव्हा दोन्ही हातांनी पुढे-मागे हलकेच धरून ठेवा. कच्च्या कडांना झिगझॅग किंवा इंटरलॉक करा, नाहीतर दशा निघत राहतील. शिवण उघडून इस्त्री करा.

झिरझिरीत कापडात शिवण आरपार दिसते, तिथे दुहेरी बंद शिवण घाला. आधी उलट बाजू आत ठेवून अर्ध्या सेंमीवर टीप, मग कड ३ मिमीपर्यंत कापायची, कापड उलटून सुलट बाजू आत घ्यायची आणि पाऊण सेंमीवर दुसरी टीप. कच्ची कड आतच बंद होते. असं कापड मशीनखाली घसरत असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

बाजूच्या दुमडी ४ सेंमीच्या दुहेरी घ्या, म्हणजे ४ आत आणि पुन्हा ४ आत. बरेच जण पहिली घडी सेंटीमीटरभराचीच घेतात. मग उजेड मागून आला की आतल्या कडेची वाकडी रेघ पडद्यातून दिसते; दोन्ही घड्या सारख्या असल्या की ती दिसतच नाही. एका पुठ्ठ्यावर ४ आणि ८ सेंमीच्या रेषा आखा, कापड त्यावर दुमडून तिथेच इस्त्री फिरवा. टेपने दर वीतभर मोजण्यापेक्षा हे किती तरी लवकर आणि जास्त नेमकं होतं.

मात्र टीप मारताना तळाच्या ३० सेंमी आधीच थांबा. तेवढी बाजू मोकळी राहू द्या. खालची दुमड घालताना कोपरा नीट वळवायला ती लागणार आहे.

अस्तर लावायचं असेल तर

ऊन सरळ येत असेल, कापड पातळ असेल किंवा रंग गडद असेल तर अस्तर लावा. रंग टिकतो, उजेड आणि आवाज कमी होतो, आणि घड्यांना भरदारपणा येतो. या पद्धतीत बाजूच्या दुमडी वेगळ्या घालायच्या नसतात. अस्तर मुख्य कापडापेक्षा रुंदीला एकूण १२ सेंमी कमी कापा. त्याची खालची दुमड आधीच घालून घ्या, अशी की ते पडद्याच्या तयार तळापेक्षा ३ सेंमी वर संपेल. सुलट बाजू एकमेकांवर ठेवून दोन्ही बाजू शिवा, इथेही तळाकडे ३० सेंमी मोकळे सोडा. मग पिशवीसारखं उलटून अस्तर मधोमध आणा. मुख्य कापड दोन्हीकडून तीनेक सेंमी मागे वळतं आणि समोरून अस्तराची कड दिसत नाही. अस्तर आणि पडदा यांची तळाची दुमड एकत्र शिवू नका. दोघांचं वजन वेगळं असतं, त्यांना स्वतंत्र लोंबू द्यावं.

अंधाराच्या, थर दिलेल्या अस्तराला टाचण्या टोचू नका. प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका दिसतो. कपड्यांचे किंवा कागदाचे चिमटे वापरा, आणि टीप पहिल्याच फेरीत नीट मारा, कारण उसवल्यावर सुईची भोकं तशीच राहतात.

वरची बाजू

रिंगांसाठी १० सेंमी रुंदीची बकरमची पट्टी लागते. ती वरच्या कडेपासून २ सेंमी सोडून उलट बाजूला ठेवा, हे २ सेंमी कापड तिच्यावर वळवा आणि मग बकरमसकट एकदा खाली दुमडा. बकरम पूर्ण झाकलं जातं. वरून आणि खालून, दोन्ही कडांना टीप मारा.

रिंगांची संख्या नेहमी सम असावी. तरच पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम झाली तर एक टोक खोलीकडे उघडं राहतं. आपल्या उदाहरणात एक पडदा तयार रुंदीला साधारण १८५ सेंमी होतो. दोन्ही कडांपासून ५ सेंमीवर पहिल्या आणि शेवटच्या रिंगेचा मध्य धरला तर मधे १७५ सेंमी उरतात. १२ रिंगा घेतल्या की ११ अंतरं, प्रत्येकी सुमारे १५.९ सेंमी. १५-१६ सेंमीचं अंतर घड्यांना छान बसतं. रिंगेचं आतलं भोक दांडीच्या जाडीपेक्षा किमान १ सेंमीने मोठं हवं. २५ मिमीच्या दांडीला ४० मिमीची रिंग. सगळ्या जागा आधी पेन्सिलीने आखा, जोडाची शिवण रिंगेखाली येत नाही ना ते बघा, येत असेल तर ती जागा किंचित सरकवा. मग भोकं कापा आणि रिंगेचे दोन भाग दाबून बसवा. भोक आखलेल्या रेषेच्या आतच कापा, मोठं झालं तर रिंग पकड घेत नाही.

रिंगा नको असतील तर नेफा हा सगळ्यांत साधा पर्याय. २५ मिमीच्या दांडीचा घेर जवळपास ८ सेंमी असतो, त्याचा अर्धा ४ आणि सरकायला १ सेंमी, म्हणून नेफा ५ सेंमी रुंद ठेवा. नेफ्याचा पडदा रोज ओढायला जड जातो, म्हणून तो क्वचित हलवायच्या झिरझिरीत पडद्यालाच द्यावा.

दोऱ्या ओवलेली तयार पट्टी लावून चुण्या करायच्या तर पट्टीचं एक टोक शिवून टाका, दुसऱ्या टोकाने दोऱ्या ओढा आणि उरलेल्या दोऱ्या कापू नका. गुंडाळून बांधून ठेवा. धुताना गाठ सोडली की पडदा पुन्हा सपाट होतो आणि इस्त्री सोपी जाते.

हुकांच्या शिवलेल्या प्लेट्स, म्हणजे पक्क्या शिवलेल्या चुण्या, मला सगळ्यांत देखण्या वाटतात, पण त्यांना आकडेमोड लागते. सपाट पडदा १८५ सेंमी. दांडीचा अर्धा भाग ८०, आणि मधे एकमेकांवर चढायला व भिंतीकडे वळायला मिळून १०, म्हणजे ९० सेंमी झाकायचे. उरलेले ९५ सेंमी प्लेट्समध्ये जाणार. ८ प्लेट्स घेतल्या तर प्रत्येकीत जवळजवळ १२ सेंमी कापड. दोन्ही कडांना ५-५ सेंमी सोडले की ८० सेंमीत ७ अंतरं, प्रत्येकी सुमारे ११.४. ही सगळी मापं बकरमवर पेन्सिलीने उमटवूनच शिवायला बसा.

टांगून ठेवणं आणि खालची दुमड

आता पडदा तळाशी न शिवताच दांडीवर चढवा. खालचं कापड हाताने दुमडून मोठ्या टाचण्यांनी तात्पुरतं धरा आणि दोनतीन दिवस तसंच लटकू द्या. लिनन, विरळ वीण किंवा जड कापड असेल तर आठवडाभर. या दिवसांत कापड आपल्या वजनाने खाली उतरतं, आणि ते सगळीकडे सारखं उतरतंच असं नाही. जोडाजवळ कमी, मधे जास्त. टांगण्याआधीच दुमड घातली असती तर हाच फरक पुढे तळाच्या वाकड्या रेघेत दिसला असता.

मग पडदे पूर्ण लावून, घड्या नीट करून, जमिनीपासून वर मोजत दर २० सेंमीवर टाचणीने खूण करा. माप वरून घ्यायचं नाही, खालूनच घ्यायचं. पडदा उतरवून त्या खुणांची रेषा बघा. ती जराशी लाटांसारखी असेल तर सरासरीने सरळ करा, पण एका टोकाकडे उतरत गेली असेल तर तशीच ठेवा. ती तुमच्या जमिनीची रेषा आहे. रेषेच्या खाली २० सेंमी सोडून जादा कापड कापा.

१० आणि पुन्हा १० सेंमी दुमडून इस्त्री करा. इतकी मोठी दुमड उगाच नाही. तिच्या वजनाने पडदा ताठ पडतो. कोपऱ्यात सगळ्या घड्या एकावर एक आल्या की गाठोडं होतं, म्हणून कोपरा तिरका वळवायचा. इस्त्रीच्या घड्या उलगडा, बाजूच्या आणि तळाच्या आतल्या रेषा जिथे छेदतात तिथून कोपरा आतल्या अंगाला तिरका दुमडा, मग बाजू आणि तळ पुन्हा आपापल्या घडीवर आणा. दोन्ही कडा एका तिरक्या रेषेत भेटतात. बाजूची दुमड ४ ची आणि तळाची १० ची असल्यामुळे ही रेषा बरोबर ४५ अंशांची नसेल, ती तशीच यायला हवी. कोपऱ्यात छोटं वजन ठेवायचं असेल तर ते कापडाच्या पिशवीत शिवून आत टाका. उघडं धातूचं वजन धुतल्यावर गंजाचा डाग देतं.

ही एक दुमड मी मशीनवर घालत नाही. तळाची टीप समोरून सरळ रेघेसारखी दिसते आणि कापडाला किंचित आखडते. तुरपाईत एकच दोरा घ्या, मागच्या घडीतून सुई न्या आणि समोरच्या कापडाचा एखाददुसरा धागाच उचला. साधारण सेंटीमीटरभर अंतरावर टाके घ्या आणि दोरा ओढून घट्ट करू नका. शेवटी बाजूचे मोकळे सोडलेले ३० सेंमी आणि कोपऱ्याची तिरकी कडही हातानेच शिवून टाका. अस्तर असेल तर तिथेच ते बाजूला अडकवा.

घड्या बसवणं आणि पुढची धुणी

पडदे परत चढवले की उघडून कडेला गोळा करा. वरच्या प्रत्येक घडीपासून बोटं खाली नेत तळापर्यंत घडी सरळ करा, आणि कापडाच्या मऊ पट्ट्यांनी तीन ठिकाणी सैलसर बांधा. दोरी नको, तिचे वळ पडतात. दोनतीन दिवसांनी सोडल्यावर घड्या आपापल्या जागा धरतात.

धुताना हुक काढा आणि आधी बाहेर नेऊन धूळ झटका. धुळीसकट भिजवलं तर ती चिखल होऊन कापडात बसते. थंड किंवा कोमट पाणी, पिळणं हलकं. किंचित दमट असतानाच पडदे पुन्हा दांडीवर टांगा, बहुतेक सुरकुत्या वजनानेच निघतात. आणि धुऊनही पडदा कुठे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वर गेलाच, तर तळाची तुरपाई उसवा, १० च्या ऐवजी ९ सेंमीची दुहेरी दुमड घाला. प्रत्येक घडीतून सेंटीमीटर काढला की पडदा २ सेंमीने उतरतो.